पांढऱ्यावर हिरवा किडा

निधीने हो म्हटल्यापासून सुमेधचे पाय जमिनीवर नव्हते, आणि ही गोष्ट नायगावजवळच्या जूचंद्र गावात सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आली असेल तर ती किड्यांच्या. एरवी हा माणूस कुंपणापाशी असा दबकत यायचा की नाकतोड्यालाही त्याचा सुगावा लागू नये. आता तो शीळ वाजवत यायचा. कॅमेरा पिशवीतून बाहेर निघेपर्यंत झुडपावरचं सगळं गणगोत उडून गेलेलं असायचं आणि सुमेध रिकाम्या पानाकडे बघून हसत उभा राहायचा. प्रेमात पडलेल्या माणसाने दुसरं काहीही करावं, किड्यांचे फोटो काढू नयेत. तिथे हात केसभर हलूनही चालत नाही.

सुमेध साळुंखे मूळचा साताऱ्याकडचा. आईबरोबर जूचंद्रच्या नव्या टॉवरमध्ये राहायचा आणि सातिवलीच्या एका कारखान्यात कामाला होता. तिथे ॲक्रिलिकच्या पाट्या बनायच्या, दवाखान्यांच्या, दुकानांच्या, घरांच्या दारावरच्या. पाटीवर ओरखडा आहे का, आत बुडबुडा राहिलाय का, हे तपासणं त्याचं काम. आठवडाभर डोळे फोडून बारीकसारीक शोधायचं आणि सुट्टी मिळाली की पुन्हा बारीकसारीकच शोधायला निघायचं, हे बघून त्याची आई कपाळावर हात मारून घ्यायची. कारखान्यात उरलेले पांढऱ्या ॲक्रिलिकचे तुकडे तो मागून आणायचा. किडा दिसला की त्याच्या मागे हळूच पांढरा तुकडा सरकवायचा. मागे पान नको, फूल नको, आभाळही नको. नुसता किडा आणि पांढरं.

"मागे काही असलं की लोक तेच बघतात," तो म्हणायचा. "मागे काही नसलं की किड्याकडे बघावंच लागतं."

निधीची आणि त्याची ओळख झाली ती तो मेलाय असं समजून. रामनाथ भोईरांच्या घरामागे मोगली एरंडाचं कुंपण आहे. एका रविवारी सुमेध त्या कुंपणाखाली पालथा पडून एका मुंगळ्याचा फोटो घेत होता, बराच वेळ, अजिबात न हलता. रामनाथांची बायको कमळी कपडे वाळत घालायला आली, तिला कुंपणाखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले, आणि तिने हातातली अख्खी बादली त्याच्यावर उपडी केली. सुमेधने कॅमेरा पोटाशी धरला म्हणून वाचला. निथळत उठून तो एवढंच म्हणाला, "काकू, मुंगळा गेला."

"मना वाटला तूच गेलास," कमळी म्हणाली.

आवाज ऐकून रामनाथांची मुलगी निधी बाहेर आली होती. ती दाराची चौकट धरून हसली, मग खाली बसून हसली, आणि टॉवेल आणायला आत गेली ती आतूनही हसतानाच ऐकू येत होती. सुमेधला वाटलं, हा आवाज रोज ऐकायला मिळाला तर आणखी काय हवं माणसाला. हे त्याला लगेच म्हणता आलं नाही. म्हणायला पुढे वर्ष गेलं, आणि तेसुद्धा शेवटी निधीनेच वदवून घेतलं आणि हो म्हटलं.

निधी नायगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची आणि घरी रांगोळी काढायची. जूचंद्रमध्ये रांगोळी म्हणजे उंबऱ्यापुढे चार ठिपके जोडून मोकळं व्हायचं काम नव्हे. इथे माणसांचे चेहरे काढतात. म्हाताऱ्याच्या गळ्यावरची शीर दिसते, रडणाऱ्या पोराच्या नाकाखालची ओल दिसते, आणि हे सगळं नुसत्या कोरड्या भुकटीतून, चिमटीतून सोडलेलं. त्यातही रामनाथ भोईरांचं नाव मोठं होतं. चेहरे तर ते काढायचेच, पण त्यांचा हातखंडा होता चेहऱ्यामागच्या जागेत. संध्याकाळ, धुकं, खाडीवरचा उजेड, एका रंगातून दुसरा रंग कुठे सुरू झाला ते कुणाला दाखवता येऊ नये असं. आता हात कापायचा म्हणून त्यांनी काढणं सोडलं होतं. आता ते फक्त बघायचे, आणि ते बघायला आले की गावातल्या भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. रांगोळी वाईट असली की ते तासभर चुका सांगायचे. चांगली असली की थोडा वेळ सांगायचे. आणि फारच, अगदी फारच मनात भरली तर म्हणायचे, "बरं हाय." निधीने ते दोन शब्द स्वतःच्या रांगोळीसाठी आजवर ऐकले नव्हते.

तर या दोन शब्दांवर सुमेधचं सगळं येऊन अडलं होतं. विरारहून काही मंडळी भाऊबीजेनंतर निधीला बघायला येणार होती. मुलगा सज्जन, घर मोठं, रामनाथांच्या मनात भरलेलं. निधीने सुमेधला सरळ सांगितलं, "धनत्रयोदशीला शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन सुरू होतंय. माझ्या रांगोळीला बाबा बरं हाय म्हणाले की त्या मिनिटाला तू त्यांना विचारायचं. त्या मिनिटाला ते कुणालाही काहीही देतील. नंतर नाही देणार, मी ओळखते ना त्यांना."

"आणि नाही म्हणाले तर?"

"मग विरारच्या लोकांसाठी पोहे करताना मी तुझी आठवण काढीन," निधी म्हणाली, आणि पुन्हा हसली. पण या वेळी तिचं हसू मध्येच तुटलं.

खरी पंचाईत पुढेच होती. निधीला यंदा चेहरा काढायचा नव्हता. सुमेधने काढलेला एक फोटो तिच्या डोक्यात बसला होता. त्यांच्याच कुंपणावरचा हिरवा किडा, पाठीवर काळे ठिपके, अंगावर अशी झळाळी की बघणाऱ्याला खरं वाटू नये, आणि मागे नुसतं पांढरं. हाच फोटो तिला हॉलभर पसरलेल्या चेहऱ्यांच्या मधोमध, जमिनीवर, सहा फुटी काढायचा होता. तिने हे घरी सांगितलं तेव्हा चहा चालला होता आणि सुमेधही तिथेच होता, फोटो दाखवायला बोलावलेला.

"आन मागं?" रामनाथांनी विचारलं.

"मागे काही नाही, बाबा."

"काय नाय म्हंजे?"

"पांढरं. प्लेन."

"पांढरा तं सगलेच टाकतान पयला. त्याच्यावर काय?"

"त्याच्यावर किडा."

"कंचा किडा?"

इथे सुमेधने गप्प बसायला हवं होतं. पण प्रेमात पडलेल्या माणसाची जीभ त्याच्या ताब्यात नसते. "ज्वेल बग म्हणतात काका," तो उत्साहाने म्हणाला. "तसा ढेकणांच्या कुळातला आहे, पण चावत नाही."

रामनाथांनी त्याच्याकडे पाहिलं, मग निधीकडे, मग भिंतीवर टांगलेल्या आपल्या जुन्या रांगोळ्यांच्या फोटोंकडे. "म्हंजे रामनाथ भोईराची पोर सहा फुटांचा ढेकून काढनार," ते म्हणाले आणि अर्धा चहा तसाच ठेवून बाहेर गेले. कमळीने तो चहा उचलून सुमेधला दिला. तिला या पोराची दया येत होती, आणि थोडं हसूही.

निधी हट्टी होती. तिने काढायला घेतलं आणि तीन दिवस हॉलमध्ये फळीवर आडवी पडून राहिली. रांगोळीत हात किंवा गुडघा टेकू नये म्हणून दोन्ही बाजूंना विटा रचून वर फळी टाकतात आणि त्यावर पालथं पडून मधलं काम करतात. पंखे बंद, खिडक्या लोटलेल्या, सगळा हॉल घामाने निथळत असलेला. धनत्रयोदशीच्या सकाळी तिने सुमेधला फोन केला. "फोटोतला हिरवा मला खोटा वाटतोय. खरा किडा आण. जिवंत."

सुमेधने कुंपणावरून एक झकास किडा पकडला, मोगली एरंडाच्या डहाळीसकट प्लॅस्टिकच्या बरणीत घातला, झाकणाला भोकं पाडली आणि शीळ वाजवत हॉलमध्ये आला. निधीने किडा पाहिला, हिरव्यात चिमूटभर निळा मिसळला, जरासा पिवळा मिसळला, आणि दुपार होता होता तो सहा फुटी किडा जमिनीवरून उठून चालेल असा झाला. सुमेध रांगोळीभोवती बांधलेल्या दोरीबाहेर उभा राहून बघतच राहिला. त्याने तो किडा जिवंत पाहिला होता, भिंगातून पाहिला होता, पण या मुलीने तो आज पहिल्यांदा पाहायला लावला असं त्याला वाटलं.

"बाकीचे सगळे आवरून गेलेत, मीही घरी जाऊन आंघोळ करून येते," निधी म्हणाली. "तू लक्ष ठेव. मुलं, मांजर, वारा, कुणालाही आत सोडू नकोस. दिवेलागणीला बाबा येतील."

"कुणालाही नाही," सुमेध म्हणाला. त्याने शब्द अगदी पाळला. मुलं आली नाहीत, मांजर आलं नाही, वाराही आला नाही. जे काही झालं ते त्याचं त्यानेच केलं.

झालं असं की बरणीचं झाकण त्याने नीट फिरवून लावलंच नव्हतं. बऱ्याच वेळाने त्याची नजर बरणीकडे गेली तर आत नुसती डहाळी. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग समोर पाहिलं. किडा रांगोळीवर होता. आत, आपल्याच सहा फुटी चित्राच्या डोक्याजवळ, पांढऱ्या शुभ्र जागेवर. वरच्या खिडकीच्या फटीतून उन्हाची एक तिरीप नेमकी त्याच्या पाठीवर पडलेली.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? किडा आपण होऊन उडेपर्यंत थांबला असता. सुमेधही थांबणारच होता. पण इतकं पांढरं, इतकं सपाट, इतकं स्वच्छ त्याने ॲक्रिलिकवरसुद्धा कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यावर तो जिवंत ठिपका, आणि शेजारी निधीने काढलेला त्याचा डोंगराएवढा भाऊ. हा फोटो पुन्हा कधीही मिळणार नव्हता. सुमेधने चपला काढल्या, गळ्यात कॅमेरा अडकवला आणि फळीवर चढला.

पहिला फोटो सुरेख आला. दुसऱ्यासाठी तो वीतभर पुढे सरकला. किड्यानेही सहकार्य केलं, मान वळवून कॅमेऱ्याकडे पाहिलं. सुमेध आणखी पुढे सरकला, आणखी थोडा, आणि फळीचं मागचं टोक विटांवरून सुटलं.

पडताना त्याने कॅमेरा वर धरला, एवढंच त्याला नंतर आठवत होतं. बाकी तो नाकापासून गुडघ्यांपर्यंत सगळा रांगोळीत गेला. आवाज फारसा झाला नाही. नुसतं भप्पकन झालं आणि हिरव्या, काळ्या, पांढऱ्या भुकटीचा एक ढग उठून हॉलभर तरंगायला लागला. तो ढग बसेपर्यंत सुमेध तसाच पडून होता. आपल्याला आता धरणीने पोटात घ्यावं असं त्याला मनापासून वाटत होतं. एका परीने तो अर्धा पोटात गेलेलाच होता.

दारात बांगड्या वाजल्या. निधी आली होती, नवी साडी नेसून, केसांत अबोली माळून.

सुमेध उठून बसला. तोंड हिरवं, शर्ट हिरवा, एका गालावर काळा ठिपका, भुवया पांढऱ्या. "किडा तिथे बसला होता," तो म्हणाला. "ऊन फार चांगलं होतं." हे दोन्ही खरं होतं, आणि दोन्हीचा आता काही उपयोग नव्हता. निधीच्या डोळ्यांत पाणी भरलं. सुमेधला वाटलं, संपलं. विरारची मंडळी, पोहे, सनई, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. "निधी, मला माफ कर," त्याने म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून पांढऱ्या भुकटीचा एक लहानसा ढग बाहेर आला.

निधी फिसकन हसली. हसायचं नाही म्हणून तिने पदर तोंडात कोंबला, पण ते आता तिच्या हातात राहिलं नव्हतं. ती साडीसकट जमिनीवर बसली आणि रडत रडत हसली, हसत हसत रडली, आणि शेवटी नुसतीच हसली. सुमेधही हसायला लागला. हसला की त्याच्या अंगावरून रंग गळायचा आणि रंग गळला की ती आणखी हसायची.

"सहा फूट," जरा दम खाऊन ती म्हणाली. "माझा सहा फुटांचा किडा तू छातीवर घेऊन बसलायस."

"खरा तर एवढाच असतो गं," तिची समजूत काढावी म्हणून सुमेध म्हणाला आणि त्याने करंगळीचं नख दाखवलं.

निधीचं हसू एकदम थांबलं. ती त्या नखाकडे बघत राहिली. सुमेधला वाटलं, आता खरा राग आला.

"चाळण आण," ती म्हणाली. "मोठी. आणि पांढऱ्याची गोणी उघड. सगळं झाडून घे, सगळं. पुन्हा पांढरं टाकायचं."

"आणि किडा?"

"एवढा," निधीने त्याचंच नख धरून दाखवलं. "खराच्या खरा. मधोमध. मागे काही नाही."

दिवेलागणीला फार वेळ उरला नव्हता. दोघांनी झाडलं, पुसलं, आणि चाळणीतून पांढरी रांगोळी अशी सोडली की कुठे उंचवटा राहू नये. मग दोन फळ्या समोरासमोर टाकल्या, विटा आधी हलवून बघितल्या, परत हलवून बघितल्या. निधी एका फळीवर पालथी, सुमेध दुसरीवर, दोघांची डोकी मधोमध एकमेकांना टेकलेली. त्याने भिंग धरलं. तिने सुईच्या टोकावर रंग घेतला.

"श्वास सोडू नकोस," ती कुजबुजली. "उडेल."

सुमेधने श्वास धरला. तिच्या केसांतली अबोली त्याच्या नाकापाशी होती. तिने एक पाय काढला. त्याने तोंड बाजूला करून श्वास घेतला, पुन्हा धरला. तिने दुसरा पाय काढला. मग पाठ, मग एकेक काळा ठिपका. सुमेधला चक्कर यायला लागली, आणि ती श्वास कोंडल्यामुळे येतेय की आणखी कशामुळे, हे त्याला कळेना. आपण आत्ता इथेच मेलो तरी चालेल असं त्याला वाटलं, पण मरताना श्वास सुटला असता, म्हणून तो जिवंत राहिला.

दिवे लागले. हॉल माणसांनी भरला. भिंतीच्या कडेने सगळे मोठमोठे चेहरे, सूर्यास्त, मोर, आणि मधोमध दोरीच्या आत नुसती पांढरी जागा. लोक यायचे, बघायचे, "ही अजून काढायचीय वाटतं," म्हणायचे आणि पुढे जायला लागायचे. मग कुणाला तरी तो ठिपका दिसायचा. माणूस थांबायचा. वाकायचा. आणखी वाकायचा. मग मागच्याला हाताने बोलवायचा. बघता बघता दोरीभोवती वाकलेल्या पाठींचं कडं झालं. सुमेध एका कोपऱ्यात उभा राहून कॅमेऱ्याच्या पडद्यावर किडा मोठा करून दाखवत होता. तोंड त्याने धुतलं होतं, पण कानांच्या मागे हिरवं तसंच होतं.

रामनाथ आले. अंगात परीटघडीचा पांढरा सदरा, मागे कमळी. माणसं बाजूला झाली. रामनाथांनी त्या पांढऱ्या जागेकडे पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. गुडघ्यांवर हात ठेवून ते वाकले, आणि जे वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत.

निधी सुमेधच्या शेजारी येऊन उभी राहिली. सुमेधने सवयीने रांगोळीकडे पाहिलं. पांढऱ्यावर दोन किडे होते.

"तू दोन काढलेस?" त्याने तोंड न हलवता विचारलं.

"एकच," निधीही तोंड न हलवता म्हणाली.

दुपारचा पळालेला पाहुणा कुठून तरी उडून आला होता आणि आपल्या चित्राच्या शेजारी, बोटभर अंतरावर, हालचाल न करता बसला होता. रामनाथांना कुणी काही सांगायच्या आत ते बोलायला लागले होते.

"डावा जमलाय," ते म्हणाले. सगळा हॉल कान देऊन ऐकायला लागला. "पाय नीट हायेत. ठिपके जागच्या जागी. चमक बी धरलीस. पन हा उजवा कनाला काढलास? घाईत काढलास ना? हा मागचा पाय बग, वाकडा. असा पाय कंच्या किड्याचा असतो? ठिपका एक मोठा, एक बारीक. आन सावली. सावली साफ खोटी पडलीय. उजेड इकडून येतो आन तू सावली तिकडं..."

निधीने सुमेधचा हात धरला होता आणि तो ती इतका दाबत होती की त्याला कळ आली. हसू नकोस, असं ती त्याला सांगत होती, की स्वतःला, ते कळायला मार्ग नव्हता. बाजूच्या दोघांतिघांच्या लक्षात आलं होतं. तेही आभाळाकडे बघावं तसे छताकडे बघायला लागले होते.

"सावली शिकवली व्हती मी तुना," रामनाथ उजव्या किड्यावर बोट रोखून म्हणाले. "असा किडा जगात नसतो."

त्यावर उजव्या किड्याने तो वाकडा मागचा पाय उचलला, दुसऱ्या पायावर घासला आणि चालायला लागला.

मागून कुणीतरी खिंकाळलं, आणि मग सगळा हॉल सुटला. रामनाथ भोईरांना गावात आजवर कुणी हसलं नव्हतं. कमळी तर भिंतीला टेकून डोळे पुसत होती. रामनाथ वाकलेलेच होते. त्यांनी किड्याकडे पाहिलं, डाव्याकडे पाहिलं, परत उजव्याकडे पाहिलं. त्यांचे खांदे हलायला लागले. सुमेधला वाटलं, म्हातारा रागाने थरथरतोय. पण ते सरळ झाले तेव्हा त्यांचं तोंड हसण्याने लालबुंद झालं होतं आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

त्याच वेळी किडा भुर्रकन उडाला आणि त्यांच्या सदऱ्यावर, छातीच्या मधोमध बसला.

पांढरा शुभ्र, परीटघडीचा, एक सुरकुती नसलेला सदरा, आणि त्यावर हिरवा जिवंत ठिपका. सुमेधच्या डोक्यातलं बाकी सगळं पुसलं गेलं. "काका, हलू नका," तो म्हणाला, आणि सासरा व्हायचा माणूस आहे हे विसरून त्यांच्या छातीपुढे गुडघे टेकून बसला.

रामनाथ खांबासारखे उभे राहिले. "चावतो का?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"नाही काका. फक्त हलू नका."

"नाय हलत." मग त्यांनी हळूच नजर खाली केली. "तू कायतरी इचारनार व्हतास मना. कमळीन सांगलाय. इचार आता. आता मी कुठं पलू शकत नाय."

सुमेधचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला होता, आणि कदाचित म्हणूनच त्याला बोलता आलं. समोर तोंड दिसत असतं तर त्याची बोबडी वळली असती. समोर फक्त पांढरं होतं आणि किडा होता. "काका," तो किड्याला म्हणाला, "मला निधीशी लग्न करायचंय. मी तिला सुखात ठेवीन. मला तिच्याशिवाय करमत नाही."

किडा एक पाऊल वर चढला, कॉलरच्या दिशेने. रामनाथांनी नाकाच्या शेंड्यावरून किड्याकडे पाहिलं. मग लेकीकडे, जी पदर तोंडात धरून उभी होती आणि या वेळी हसत नव्हती. मग खाली त्या पांढऱ्या जागेकडे, जिच्या मागे काहीच नव्हतं आणि जिच्याभोवती सगळं गाव वाकलं होतं.

"बरं हाय," ते म्हणाले.

"कशाला म्हणालात, बाबा?" निधीने तोंडातला पदर काढून विचारलं. "रांगोळीला की याला?"

"एक गोष्ट दोनदा म्हनाला मी काय पोपट हाय?" रामनाथ म्हणाले. "आता याला सांग, फोटो काढ लवकर. माझी मान आखडली."

सुमेधने बटण दाबलं. विरारला दुसऱ्या दिवशी निरोप गेला, आणि भाऊबीजेनंतर पोहे झाले ते साताऱ्याकडच्या पाहुण्यांसाठी.

तो फोटो आज भोईरांच्या घरात, रामनाथांच्या जुन्या रांगोळ्यांच्या शेजारी लावलेला आहे. सुमेधने आयुष्यात इतका हललेला फोटो काढला नाही. पांढऱ्यावर एक हिरवी फरकाटलेली रेघ, बाकी काही नाही. आलागेला माणूस हे काय आहे म्हणून विचारतो, आणि कमळी दरवेळी तेवढ्याच कौतुकाने सांगते, "आमचे निधीची सुपारी फुटली ना, त्या वक्ताचा फोटू हाय."